खुलं पत्र: ग्वाडलकॅनालचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांना, एका राशनवाल्याकडून

मराठीत दुसऱ्या महायुद्धावर व्हिडिओ करणाऱ्या सगळ्या पोरापोरींनो,

तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे म्हणून पोरं म्हणतोय, राग मानू नका. मी तुमचे व्हिडिओ नेमाने बघतो. रात्री जेवण झालं की मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसतो आणि बायको म्हणते, नोकरीत पण फौज आणि आता रिटायर होऊन पण फौजच. तर आधी कौतुक करतो. आमच्या शाळेच्या पुस्तकात पॅसिफिकची लढाई म्हणजे पर्ल हार्बरची एक ओळ आणि हिरोशिमाची एक ओळ, मधली साडेतीन-पावणेचार वर्षं कुठं गेली ते देव जाणे. ती तुम्ही मराठीत सांगताय, फुकटात सांगताय, हे चांगलंच आहे.

आता तक्रार. गेल्या दोन महिन्यात ग्वाडलकॅनालवरचे (म्हणजे पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांतलं एक बेट, तिथं १९४२-४३ मध्ये अमेरिका आणि जपान सहा महिने लढले) चार व्हिडिओ बघितले, चार वेगवेगळ्या पोरांचे, आणि चारही एकाच साच्यातले. बोटीचा पुढचा दरवाजा धाडकन पाण्यात पडतो, पोरं पळत सुटतात, समोरून मशीनगन, मग जंगल, मग तलवार उपसून ओरडत येणारा जपानी, संपलं. त्यातल्या एकाला मी लिहिलं की बाबा रे, खाण्यापिण्याचं पण सांग, ही सगळी लढाई त्याच्यावरच ठरलीय. त्याचं उत्तर आलं, "काका, राशनला व्ह्यूज नाहीत." आणि खाली हसणारं तोंड.

व्ह्यूज नसतील, पण मी १९ वर्षं फौजेत सप्लायला काढलीत, डिपोत गोण्या मोजल्यात, पावसात ट्रक रिकामे केलेत, इश्यू व्हाउचरवर सह्या करून करून बोटं दुखलीत, त्यामुळं मला ही लढाई तुमच्यापेक्षा जरा वेगळी दिसते. ती सांगतो, पटलं तर घ्या.

पहिलं तो दरवाजा काढा. ७ ऑगस्ट १९४२ ला सकाळी अमेरिकन मरीन, म्हणजे समुद्रातून येऊन जमिनीवर लढणारे सैनिक, ग्वाडलकॅनालच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांच्या बऱ्याच बोटींना पुढं पडणारा दरवाजाच नव्हता. कडेवरून उड्या मारून उतरायचं, आणि सामान असेल तर तेही कडेवरून उचलून खाली द्यायचं. माणूस उडी मारतो हो, गोणी मारत नाही. ५० किलोची गोणी हलत्या बोटीच्या कडेवरून गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर द्यायची म्हणजे काय असतं ते एकदा करून बघा, मग व्हिडिओ करा. आणि समोरून मशीनगन वगैरे काही नव्हती. तिकडं पलीकडच्या तुलागी आणि गावुतू बेटांवर पहिल्याच दिवशी जोरदार झुंज झाली हे खरं, पण ग्वाडलकॅनालच्या किनाऱ्यावर सुमारे ११ हजार मरीन उतरले ते जवळपास गोळी न खाता. बेटावर होते दोन-अडीच हजार जपानी, त्यातले बहुतेक विमानपट्टी बांधायला आणलेले मजूर, बरेचसे कोरियन. तोफा सुरू झाल्यावर ते जेवण तसंच टाकून जंगलात पळाले.

पण माझी गोष्ट त्याच्या महिनाभर आधी सुरू होते, न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या धक्क्यावर. मला विचाराल तर या लढाईतला सगळ्यात भारी सीन हा आहे आणि एकानेही तो दाखवलेला नाही. मरीनची डिव्हिजन तिथं आली होती निवांत ट्रेनिंग करायला, म्हणून जहाजं भरली होती व्यापारी पद्धतीनं, म्हणजे जागा वाया जाऊ नये अशी. आणि अचानक हुकूम आला की चला, थेट लढाईत उतरायचंय. आता लढाईचं लोडिंग उलटं असतं, जे आधी लागणार ते शेवटी भरायचं म्हणजे ते वर राहतं. आपण लग्नाच्या टेम्पोत नाही का, पूजेचं सामान वर ठेवतो आणि गाद्या खाली, नाहीतर मुहूर्त टळला तरी गुरुजींना सुपारी मिळत नाही. तर सगळी जहाजं रिकामी करून परत भरायची होती. गोदी कामगारांशी जमलं नाही म्हणून मरीननीच पाळ्या लावून दिवसरात्र ते केलं. जुलै महिना म्हणजे तिकडं हिवाळा, वरून मुसळधार पाऊस. सामान पुठ्ठ्याच्या खोक्यात. पुठ्ठा भिजला, खोकी फुटली, धक्क्यावर कॉर्नफ्लेक्सचा लगदा झाला आणि लोक त्यातून घोट्यापर्यंत चालत होते. डब्यांवरची लेबलं धुऊन गेली.

हे लेबलाचं वाचलं तेव्हा मी एकटाच हसत होतो. आमची एक पोस्ट होती, दरड कोसळून रस्ता बंद झाला, नऊ दिवस. टिनचे डबे ओले झालेले, कागद निघून गेलेले. लंगरवाला रोज सकाळी एक डबा हलवून कानाला लावायचा आणि म्हणायचा मटार. उघडला की अननस. पाचव्या दिवशी अननसाची भाजी खाल्लीय मी, मिरची-मसाला घालून. जवान हसत होते पण आठव्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

तर तिथंच कपात सुरू झाली. ९० दिवसांचं सामान न्यायचं होतं ते ६० दिवसांवर आणलं. दारूगोळा कमी केला, ट्रक बरेच मागं ठेवले, तंबू, अंथरुणं मागं. मरीन स्वतःच या मोहिमेला शूस्ट्रिंग म्हणजे बुटाची नाडी म्हणायला लागले. आपल्याकडं म्हणतात ना, ठिगळं लावून संसार, तसलं.

मग किनाऱ्यावर काय झालं बघा. माणसं उतरली आणि आत निघून गेली. सामान उतरवायला हातच कमी. बोटी येतायत, माल टाकतायत, पण किनाऱ्यावरून तो उचलून झाडीत न्यायला माणूस नाही. शंभरच्या आसपास बोटी वाळूला लागून ताटकळलेल्या आणि मागं पन्नासेक पाण्यात घिरट्या घालतायत. पेट्रोलच्या पिंपाशेजारी पावाची खोकी, त्याच्याशेजारी तोफेचे गोळे. जवळच नारळाच्या बागेत काही मंडळी शहाळी फोडत बसलेली, आणि माल उतरवणारे उन्हात कोसळायला आलेले. मी असले सीन आयुष्यात पाहिलेत, एवढे मोठे नाही पण पाहिलेत. डिपोत नेहमी एक माणूस मरतो आणि चार बघतात.

आणि मग ८ ऑगस्टची रात्र. साव्हो बेटापाशी जपानी नौदलानं अंधारात येऊन दोस्तांच्या चार क्रूझर म्हणजे मोठ्या युद्धनौका बुडवल्या, तीन अमेरिकन आणि एक ऑस्ट्रेलियन, हजारावर खलाशी गेले. अमेरिकन विमानवाहू जहाजं त्याच संध्याकाळी मागं सरकलेली. दुसऱ्या दिवशी मालवाहू जहाजांच्या कमांडरनं, ॲडमिरल टर्नरनं, उरलेला माल पोटात घेऊनच बेट सोडलं. किनाऱ्यावरच्या मरीननी सकाळी उठून बघितलं तर समुद्र मोकळा. तुम्ही साव्होला १० मिनिटं देता, कोणतं जहाज कुठून वळलं, टॉर्पेडो कितीच्या स्पीडनं गेला, सगळं देता, पण त्या मोकळ्या समुद्राला एक सेकंद देत नाही.

त्या दिवसापासून मरीन दोन वेळच्या जेवणावर आले आणि त्यातला मोठा हिस्सा होता जपान्यांनी टाकून दिलेला तांदूळ. विमानपट्टी पूर्ण केली तीही जपान्यांच्याच रोडरोलर आणि ट्रकनी, स्वतःच्या बहुतेक मशिनी तर जहाजातच परत गेल्या होत्या. जपान्यांचा बर्फाचा कारखाना पण मिळाला, त्याच्यावर यांनी 'नवीन मालकाच्या देखरेखीखाली' अशी पाटी लावली. थट्टा सुचत होती म्हणजे पोटात थोडंतरी होतं. २० ऑगस्टला पहिली ३१ लढाऊ विमानं उतरली. पट्टीला नाव दिलं होतं हेंडरसन फील्ड, मिडवेच्या लढाईत मेलेल्या एका पायलटचं.

आणि इथं सगळा हिशोब फिरला. ज्याच्याकडं विमानपट्टी त्याचा दिवस. दिवसा अमेरिकन जहाजं येणार, माल उतरवणार. जपान्यांना फक्त रात्र उरली. पुढचे सहा महिने जे काही झालं, सप्टेंबरमधली एड्सन्स रिज या टेकडीवरची लढाई म्हणा, ऑक्टोबरचे हल्ले म्हणा, १४ ऑक्टोबरच्या पहाटे दोन जपानी बॅटलशिपनी पट्टीवर टाकलेले ९०० च्या वर गोळे म्हणा, सगळं त्या एका धावपट्टीसाठी. हे तुम्ही सांगता, बरोबर सांगता, पण ती कशाला हवी होती ते सांगत नाही. ती म्हणजे डिपोचं गेट होतं हो.

आता तुमच्या लाडक्या इचिकीकडं येतो. हा जपानी कर्नल इचिकी पट्टी परत घ्यायला ९०० च्या आसपास माणसं घेऊन उतरला, सोबत सात दिवसांचं राशन. सात दिवस! म्हणजे त्याच्या डोक्यात लढाई आठवड्यात संपलेली होती. मी कागदावर राशन बघितलं की मला कमांडरचं मन कळतं, तो भाषणात काय म्हणतो त्याची गरज नाही. २१ ऑगस्टच्या पहाटे ओढ्याच्या तोंडाशी वाळूच्या पट्टीवरून थेट चाल केली आणि ८०० च्या आसपास माणसं तिथंच पडली. या लढाईला टेनारूची लढाई म्हणतात पण ती टेनारू नदीवर झालीच नाही, नकाशे इतके भंगार होते की नद्यांची नावंच उलटसुलट, झाली ती दुसऱ्याच खाडीवर. तुमच्यापैकी दोघांनी नकाशात चुकीची नदी लाल केलीय, बघा एकदा.

आणि जेकब वूझा कुठाय? चारपैकी फक्त एका व्हिडिओत आला, तोही 'एक लोकल गाईड' म्हणून. अरे तो ग्वाडलकॅनालचाच रहिवासी, पोलिसातून सार्जंट मेजर म्हणून रिटायर झालेला माणूस. इचिकीच्या लोकांनी पकडला, त्याच्याकडं छोटा अमेरिकन झेंडा सापडला, झाडाला बांधून मारलं, संगिनी खुपसल्या आणि मेला समजून सोडून गेले. त्यानं दातानं दोर कुरतडले, मैलोन्‌मैल रांगत-चालत येऊन मरीनना सांगितलं की ते येतायत, किती आहेत, काय आहे. वाचला तो, १९८४ पर्यंत जगला, सर वूझा झाला. याला लोकल गाईड म्हणताय? माझ्यासारखाच रिटायर माणूस आहे म्हणून मला जास्त लागलं असेल, पण लागलं.

जंगलाबद्दल. तुमचं जंगल म्हणजे हिरवा पडदा, त्याच्यामागं शत्रू. खरं जंगल म्हणजे पाठीवरचं वजन. ऑक्टोबरमध्ये जपानी जनरल मारुयामाची सेंदाई डिव्हिजन पट्टीच्या दक्षिणेकडून हल्ला करायला जंगलातून वाट तोडत निघाली. प्रत्येक सैनिकाच्या पाठीवर स्वतःचं सामान आणि वर तोफेचा एकेक गोळा. तोफा दोरांनी ओढत. रोज पाऊस, चढ, चिखल, मुळं, आणि भात निम्मा केलेला. तोफा एकेक करून वाटेतच सोडल्या, म्हणजे गोळे पोचले असते तरी मारायचे कशातून? हल्ल्याची तारीख २२ ची होती, ती २३ झाली, मग २४. किनाऱ्याकडून हल्ला करायचा होता त्या तुकडीला ही पुढं ढकलल्याची खबर पोचलीच नाही, त्यांनी २३ लाच रणगाडे घातले आणि ते माटानिकाऊ नदीच्या तोंडाशी एकामागून एक जळाले. शौर्य कमी पडलं असं नाही, रात्रभर लाटांवर लाटा येत होत्या काटेरी तारेवर. पण आठ दिवस अर्धपोटी चालून आलेला माणूस आणि खंदकात बसून वाट बघणारा माणूस यात फरक असतो, तो खंदकातलाही तापानं फणफणलेला असला तरी.

ताप म्हणजे मलेरिया. हजारोंनी पडले, अमेरिकनही. आणि डास वाढवले कुणी, तर लढाईनंच, ट्रकच्या चाकोऱ्या, बॉम्बचे खड्डे, सगळीकडं उन्हात साचलेलं पाणी, तिथला डास नेमका तेच शोधतो. क्विनाइन मिळत नव्हतं कारण जगातलं बहुतेक क्विनाइन जावामधून यायचं आणि जावा मार्चमध्येच जपानच्या हातात गेलं होतं. त्याऐवजी ॲटाब्रिनच्या पिवळ्या गोळ्या, कडूजहर, कातडी पिवळी पडायची, आणि पोरांत अफवा की याने मर्दानगी जाते. मग जेवणाच्या लाईनीत एक जण उभा, गोळी तोंडात टाकायची आणि गिळली का ते तोंड उघडून दाखवायचं, तेव्हा जेवण. डिसेंबरमध्ये मरीनची डिव्हिजन बेटावरून हलवली तेव्हा कित्येकांना जहाजाच्या जाळीवरून वर चढता येत नव्हतं, खलाशांनी हात धरून ओढून घेतलं. आणि हे जिंकणारे!

आता हरणाऱ्यांचा तांदूळ. हे नीट वाचा, माझं सगळं पत्र याच्यासाठी आहे. समजा बेटावर २० हजार माणसं आहेत आणि माणशी रोज अर्धा किलो तांदूळ धरला, फक्त तांदूळ, डाळ नाही, मीठ नाही, औषध नाही. १० टन झाले. २०० गोण्या रोज. रविवारी पण. आणि किनाऱ्यावरून आत डोंगरात न्यायचं तर पाठीवर, आणि नेणारा पण खातो. तीन दिवसांची वाट असेल तर जाताना-येताना सहा दिवसांचं तो स्वतःच खाणार. हे गणित कुठल्याही डिपोतला क्लार्क झोपेत करतो.

जपानी डिस्ट्रॉयर, म्हणजे छोट्या चपळ युद्धनौका, रात्री वेगानं यायच्या आणि उजाडायच्या आत विमानांच्या टप्प्याबाहेर जायच्या, त्यामुळं थांबून बोटींनी माल उतरवायला वेळच नाही. मग त्यांनी शक्कल काढली. लोखंडी पिंपं धुऊन त्यात तांदूळ भरला, तरंगावीत म्हणून पूर्ण न भरता, दोरानं माळ ओवली आणि किनाऱ्यापाशी येऊन समुद्रात ढकलून दिली. दोराचं टोक किनाऱ्यावर न्यायचं आणि जमिनीवरच्यांनी ओढायचं. डोकं चालवलं होतं, नाही म्हणत नाही. ३ डिसेंबरच्या रात्री १,५०० पिंपं टाकली. हाताला लागली ३१०.

बाकीची कुठं गेली? दोर तुटले, प्रवाळात अडकले, आणि मुख्य म्हणजे ओढणाऱ्यांच्या अंगात ओढायची ताकदच नव्हती. सकाळ झाली की अमेरिकन विमानं यायची आणि तरंगत्या पिंपांना गोळ्या घालायची. भुकेली माणसं झाडीतून बघतायत, समोर पाण्यावर भात तरंगतोय आणि कुणीतरी त्याला भोकं पाडतंय. याच्यापुढं तुमचा तलवारवाला सीन ठेवा आणि सांगा मला.

जपानी सैनिक बेटाला 'गातो' म्हणायला लागले. त्यांच्या भाषेत 'गा' हा ग्वाडलकॅनालच्या नावातला पहिला आवाज, आणि भुकेच्या अक्षराचा उच्चार पण 'गा'. भुकेचं बेट. तिथल्या एका जपानी अधिकाऱ्यानं डायरीत कोष्टकच लिहिलंय, कोण किती दिवस टिकणार त्याचं. उभा राहू शकतो तो ३० दिवस. बसू शकतो तो तीन आठवडे. उठून बसता येत नाही तो एक आठवडा. पडल्या पडल्या लघवी करतो तो तीन दिवस. बोलायचा थांबला तो दोन दिवस. पापणी हलायची थांबली तो उद्या. मी आयुष्यभर राशनची कोष्टकं भरली, माणशी किती ग्रॅम. हे कोष्टक वाचल्यावर त्या रात्री मी मोबाईल पालथा घातला.

फेब्रुवारी १९४३ च्या पहिल्या आठवड्यात तीन रात्रीत जपान्यांनी १० हजार ६०० च्या वर माणसं गुपचूप काढून नेली, आणि हे काम त्यांनी एक नंबर केलं, अमेरिकनांना पत्ता नव्हता. उतरवली होती ३१ हजारांच्या वर. मेलेल्यांतले हजारो गोळीनं नाही, उपासानं आणि रोगानं गेले. अमेरिकनांचे जमिनीवर १,६०० च्या आसपास मेले आणि समुद्रात त्याच्या तिप्पट, म्हणून तर तिथल्या समुद्राला आयर्नबॉटम म्हणतात, तळाशी नुसतं लोखंड.

आणखी दोन गोष्टी, मग थांबतो. एक, बेटावरची माणसं. वूझा एकटा नव्हता, वाटाडे होते, दोस्तांसाठी टेहळणी करणाऱ्यांना जंगलात लपवणारे होते, आणि लेबर कोअरमध्ये भरती केलेले हजारो गावकरी होते ज्यांनी जहाजं रिकामी केली. माझ्या धंद्यातले लोक. त्यांच्या जमिनीतून युद्ध अजून निघालेलं नाही. आजची राजधानी होनियारा त्या अमेरिकन तळाच्या जागीच वाढलीय, विमानतळ तोच, आणि मे २०२१ मध्ये तिथं मदतनिधीसाठी स्वयंपाक करायला लोकांनी चूल पेटवली, खाली जुना गोळा पुरलेला होता तो फुटला आणि दोन जण गेले.

दुसरी, आपली माणसं. इटलीत लढलेल्या मराठ्यांवर, यशवंत घाडगेंवर, नामदेव जाधवांवर तुम्ही व्हिडिओ केलेत, छान केलेत. पण याच पॅसिफिकमध्ये आपले हिंदी युद्धकैदी होते हे किती जणांना माहितीय? सिंगापूर पडल्यावर पकडलेले, १९४३ मध्ये जहाजात कोंबून न्यू ब्रिटन आणि न्यू गिनीला मजुरीला नेलेले. न्यू गिनीच्या वेवाकला नेले त्यातले फार थोडे परतले. जमादार चिंत सिंग नावाचे एक होते, सेपिक नदीकाठी जे ११ जण जिवंत सापडले त्यातले. बाकीचे १० घरी परतताना विमान पडून गेले, चिंत सिंग जपान्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्ष द्यायला मागं थांबले होते म्हणून राहिले. तीही उपासमारीचीच गोष्ट. करा की त्याच्यावर.

आणि ज्या भाऊनं मला हसणारं तोंड पाठवलं त्याला: पिंपांवर एक दहा मिनिटांचा व्हिडिओ कर. गणितात अडलास तर विचार, गोण्यांचा हिशोब मी करून देतो. आणि व्ह्यूजची काळजी करू नको, आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर १८० जण आहेत आणि सगळ्यांना सकाळी काही काम नसतं.

कळावे,
एक रिटायर राशनवाला, जिल्हा सातारा